आबांचा आराम

जळगावात पारा बारावर आला की माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात. कानटोपी, मफलर, त्यावर जाकीट, आणि या सगळ्यातून दिसणारे दोन डोळे. तेही तक्रार करणारे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्या डोक्याने लग्नाच्या पंक्ती वाढणारे आम्ही लोक, डिसेंबरात दुधाची पिशवी आणायला कोणी जायचं यावर घरात मतदान घेतो. अशा एका सकाळी मी आबांना वाघूर धरणाच्या फुगवट्यात पाण्यावर उभं असलेलं पाहिलं.

उभं म्हणजे खरोखर उभं. पायाखाली साडेदहा फुटांची, हवा भरून फुगवलेली फळी. हातात छातीच्या वर येणारं वल्हं. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, स्वेटरवर नारिंगी जीवरक्षक जाकीट, डोक्याला कानटोपी, वय सदुसष्ट. पाण्यावरून वाफ उठत होती आणि तिच्यातून आबा असे सरकत होते, जणू एखाद्या देवाची मिरवणूक निघाली आहे आणि भक्त अजून अंथरुणातच आहेत.

"चौधरीभाऊ, पाह्यलं का? याले म्हनतात थंडीची मजा!" ते ओरडले.

मजेतला माझा वाटा असा होता, की ती फळी पंपाने मी फुगवली होती. "भरा हवा," आबा म्हणाले होते, "तुमचं पोट बी उतरीन." पोट काही उतरलं नाही. खांदा मात्र संक्रांतीपर्यंत दुखत होता.

आबा आमच्या शेजारी, त्यांच्या लेकीकडे राहायचे. केळी पिकवणाऱ्या बापाने, गावात मुलगा बागायत बघत असताना, शहरात लेकी-जावयाकडे राहायला यावं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. लोक तोंडावर "बरं केलं, आबा" म्हणतात आणि पाठ वळली की कारण शोधायला लागतात. कारण शोधायची गरज नव्हती. आबा ते कोणालाही, अगदी गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही, सांगत. दसऱ्याच्या सुमाराला त्यांचा मुलगा प्रमोद याच्याशी पाणी देण्यावरून वाद झाला. प्रमोदचं पाणी मोबाइल ठरवायचा, आबांचं पाणी आबा ठरवायचे. शेवटी प्रमोद चिडून म्हणाला, "आबा, आता तुम्ही आराम करा. बागेत पायच नका टाकू."

"मंग ठरलं," आबा सांगायचे. "पोरगा म्हने आराम करा, तर करू आराम. पाय टाकू नका म्हने, तर नही टाकत. तो सोता म्हनीन 'उतरा आबा', तवाच माझा पाय त्या मातीले लागीन."

जन्मभर दिवसाला अर्धा तास आराम न केलेल्या माणसाने आराम करायचा ठरवला, की घरच्यांचं काय होतं ते आम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतो. त्यांनी लेकीच्या कुंड्यांना आळी केली. जावयाच्या गाडीचं ऑइल तपासलं. माझ्या बायकोला पालक कसा निवडावा हे शिकवलं, आणि ती अजून ते विसरलेली नाही, म्हणजे अजून मला ऐकवते. मग एक दिवस गच्चीवरच्या खोलीत त्यांना ती फळी सापडली. जावयाने गोव्याला जाऊन आल्यावर मोठ्या हौसेने ती मागवली होती. मेहरूण तलावावर चार मित्रांसमोर तो तिच्यावर एकदा उभा राहिला, साधारण तीन सेकंद. त्यानंतर त्याच्या मते फळीत दोष होता.

आबांना दोष दिसला नाही. लहानपणी पुरात केळीच्या खांबांचे तराफे हाकलेला माणूस तो. पहिल्या दिवशी गुडघ्यांवर बसून चालवली, दुसऱ्या दिवशी उभे राहिले. घोट्याला बांधायची जी दोरी असते, माणूस पडला तरी फळी दूर जाऊ नये म्हणून, तिला ते "दावं" म्हणत. "गोऱ्ह्याले बांधतात, तसं मले बांधलं. आता मी कोठी जातो?" उभं राहण्याचं त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं: "पायाकडे पाह्यलं का पडला. नजर लांब पाह्यजे." हे वाक्य ते मला, जावयाला आणि एकदा धरणावरच्या चौकीदारालाही सांगून मोकळे झाले. चौकीदाराने विचारलं होतं, "आबा, परवानगी?"

थंडीबद्दल त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. "भाऊ, केळीवाल्याले हिवाळा कधी भेटत नही. लोक हुरडा खातात, भरीत खातात, आन आपन पहाटी उठून काडी-कचरा पेटवतो, धुरानं बाग झाकायले. थंडी पडली का पान पिवळं, घड पोग्यात, खोडाच्या तोंडाशीच, अडकतो. चाळीस वर्स 'थंडी' हा शब्द शिवी दिल्यासारखा म्हनला. आता माझी केळीच नही, तर मी थंडीले काहाले भ्यायचं? येऊ दे. पडू दे अजून!"

हे "पडू दे अजून" त्यांनी गावच्या चहाच्या टपरीवर म्हटलं, तेही बागा निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, लागलेल्या असताना. ज्यांच्या उरावर थंडी बसली होती ते बागायतदार त्या वेळी हातात कप घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी आबांकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात ऊब होती असं मला म्हणता येणार नाही. एकाने सुनावलं, "आबा, तुमच्या परमोदचे घड बी आताच निघाले ना?" आबांनी चहा संपवला. "त्याचा मोबाइल सांगीन त्याले," ते म्हणाले.

आता माझ्या कामाबद्दल. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतो, पोहता येत नाही, आणि डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितलं आहे. तेव्हा आबांनी काढलेला मार्ग असा: मी स्कूटर चालवायची, हवा भरायची, आणि ते पाण्यावर असताना काठाने चालायचं. बायको म्हणाली, "पोहता येत नाही आणि निघाले धरणाची राखण करायला." पण मी जायला लागलो. आठवडाभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फुगवटा चांगला दोन-तीन किलोमीटर पसरलेला. समोर टेकडी, डावीकडे पाणपक्षी, उजवीकडे उगवता सूर्य. मजा घ्यायला जागा भरपूर. आबांची मजा मात्र रोज एकाच काठाने जायची आणि एकाच काठाने परत यायची. तो काठ प्रमोदच्या बागेचा होता.

"आबा, त्या बाजूला बगळे आहेत," मी एकदा म्हणालो.

"बगळे काय पाह्यचे? पांढरे असतात," आबा म्हणाले. मग बागेकडे नजर ठेवूनच पुढे: "तिसऱ्या ओळीले टेकू नही दिला अजून."

"तुम्ही तर आराम करताय ना?"

"पानी सरकारचं हाये, भाऊ. बागेत मी पाय टाकला का? बोला!"

पाय टाकलेला नव्हता, हे मला मान्य करावं लागलं. नवस आणि करार पाळण्यात आमच्याकडची माणसं फार काटेकोर. फक्त त्यातली फट आधी शोधून ठेवतात. तरी मजा खोटी होती असंही नाही. वाऱ्याचा पत्ता नसला की पाणी काचेसारखं व्हायचं, आबा वल्हं आडवं धरून नुसते उभे राहायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते टेकू नसलेल्या ओळीमुळे नक्कीच येत नव्हतं.

प्रमोदला हे सगळं दिसत होतं. तो बागेतून बघायचा आणि पाठ करून उभा राहायचा. बाप लेकीकडे राहतो ही लाज त्याला कमी होती म्हणून की काय, तोच बाप आता रोज सकाळी बागेसमोरून नारिंगी जाकिटात फेऱ्या मारत होता.

मग जानेवारीत ती लाट आली. माझ्या मोबाइलवर शहराचे नऊ अंश होते. पाण्याकाठी त्याहून कमी असणार. स्कूटरवर माझे हात ब्रेकला आहेत की नाहीत हे मला बघून खात्री करावी लागत होती. "आज राहू द्या, आबा," मी म्हणालो. ते एरवी वाटभर बोलत, त्या दिवशी फक्त म्हणाले, "चला."

आसपासच्या सगळ्या बागांतून धूर निघत होता. प्रमोदनेही वाळकी पानं आणि काड्या पेटवल्या होत्या, त्याही पाण्याच्या कडेला, कारण ढीग तिथेच रचलेला होता. मजूर आलेले नव्हते. तो एकटाच या शेकोटीकडून त्या शेकोटीकडे पळत होता, डोळे चोळत. मी बागेच्या कुंपणाला लागून असलेल्या उतारावर उभा होतो, आबा पाण्यात, काठापासून हाकेच्या अंतरावर. आणि बघता बघता आबा मला दिसेनासे झाले. धूर बागेच्या वरच्या अंगाने उतरणाऱ्या गार हवेबरोबर सरळ पाण्यावर येत होता. बाग उघडीच होती. प्रमोद धुरातच असल्याने त्याला सगळीकडे धूर दिसत होता.

पाण्यावरच्या धुरातून खोकला ऐकू आला. मग आवाज: "परमोद! धूर मले देऊ राह्यला का केळीले?"

प्रमोद दचकला. "आबा, तुम्ही आराम करा!"

"आरामच करू राह्यलो! म्हनून तर समजलं! बठ्ठा धूर पान्यावर हाये, तिकडे एक पान झाकलं नही. वरच्या बांधाले पेटव!"

प्रमोदने वर पाहिलं. वरचा बांध म्हणजे बागेची दुसरी कड, आणि ढीग सगळा इथे खाली. एकट्याने वाहायचा तर ऊन येईपर्यंत काम पुरलं असतं, आणि ऊन आल्यावर धुराचा उपयोग नव्हता. फळीचं टोक चिखलाला येऊन लागलं. आबा तिच्यावर उभे; उतरायचं नाव नाही. थंडीने दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मी कुंपणाची तार धरून उभा होतो. मध्ये पडावं असं फार वाटलं, पण बाप-लेकाच्या भांडणात मध्यस्थाचं काय होतं हे मी दोन घरांत पाहिलेलं आहे.

"उतरा आबा," प्रमोद म्हणाला.

"कोन म्हने पाय टाकू नका?"

"मीच म्हनलो व्हतो. आता मीच म्हनतो, उतरा! माझ्याच्यानं एकट्यानं नही होनार."

आबा उतरले. उतरले म्हणजे उडीच मारली, ढिगातला एक भारा उचलला आणि केळीच्या ओळीतून वर पळत सुटले. घोट्याचं दावं सोडायचं त्यांना भानच नव्हतं. साडेदहा फुटांची फळी त्यांच्यामागून, खांबांवर आपटत, चिखलातून ओढली जात होती, आणि मागून प्रमोद ओरडत होता, "आबा, दावं! दावं सोडा!" तिसऱ्या ओळीपाशी, जिला टेकू नव्हता तिथेच, फळी अडकली आणि आबा तोंडावर आपटले. पायाकडे पाहून माणूस पडतो हे त्यांनी मला शिकवलं होतं. न पाहताही पडतो, हे त्या दिवशी कळलं. प्रमोदने धावत जाऊन त्यांना उठवलं, दोरी सोडली, आणि मी दोघांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग मलाही भारे वाहावे लागले. खांदा पुन्हा दुखला.

बाग वाचली असं सरसकट लिहिणं बरोबर नाही. पाण्याकडच्या दोन ओळी गेल्या. बाकी उभी राहिली.

आबा त्याच आठवड्यात गावी राहायला गेले. फळी घेऊन. थंडी ओसरली तरी ते पाण्यावर जात राहिले, आणि आता बगळ्यांच्या बाजूलाही जात. पुढच्या पावसाळ्यात, भाद्रपदात, एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेराव्याला जावई चार लोकांना सांगत होता की आबांना फळीवर उभं राहायला त्याने शिकवलं. मी ते खोडून काढलं नाही. अशा प्रसंगी आकडे काढू नयेत.

फळी प्रमोदने मला दिली. "तुम्हीच हवा भरायचे," तो म्हणाला. बायकोच्या मते मी उभा राहिल्यावर फळी आबांच्या वेळेपेक्षा चार बोटं जास्त बुडते. हे मी मोजलं, तीनच बुडते. यंदाच्या डिसेंबरात थंडी पडली तेव्हा प्रमोदचा फोन आला, आणि मी नारिंगी जाकीट घालून, घोट्याला दावं बांधून, बागेसमोर पाण्यावर उभा राहिलो. नजर लांब ठेवायचा प्रयत्न केला. लांब फक्त धूर होता.

"काका, लागतो का धूर?" काठावरून प्रमोद ओरडला.

मला ठसका लागला. "लागतो! वरच्या बांधाला घे!"

तो भारा उचलून वळला, मग थांबला. "तुम्हाले थंडी तं नही वाजत ना? परत या वाटलं तं!"

"तू बाग बघ," मी ओरडलो. "मी आरामच करू राह्यलो!"