सीताफळाच्या ब्राउनी

सीताफळं पिकल्याचा गोड, दाट वास आला की मला आत्या आठवते. मुलीच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदाच घरी ब्राउनी करणार होते, चॉकलेट आणि सीताफळाच्या, एका घासात संपतील अशा. आत्या तिच्या गावाहून, बाजारहत्नूरहून, पाटीभर फळं घेऊन बसने आली आणि सकाळभर स्वयंपाकघरात खाली बसून गरातली एकेक बी सोडवत राहिली. "तुह्या पोरीच्या दाताखाली एक बी नाई येनार," म्हणाली. दुपारी मुलीच्या मैत्रिणींच्या आया आल्या. ब्राउनी सगळ्यांनाच आवडल्या. तेवढ्यात आत्या पाणी घेऊन आली, आणि तिच्या भेगाळलेल्या, काळपट बोटांकडे बघत एकीने मला विचारलं, "गर हातानं काढला काय?" मी पटकन म्हणाले, "छे, हैदराबादहून डबाबंद मागवला." आत्या पाण्याचा पेला पुढे करत त्या बाईला म्हणाली, "हो बाई, डब्यातलाच हाये. मीच तं उघडला डबा." सगळ्या गेल्यावर माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आत्या, तू खाल्ली का?" "खाल्ली ना. लय नरम झाली." ट्रे तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला ते ठाऊक होतं, तरी मी मान डोलावली आणि तिला बसला सोडून आले. आता दर हंगामात मी ब्राउनी करून तिच्या गावी नेते, ती आवडीने खाते, आणि मी माफी मागायची ठरवून गेलेली, पाऊसपाण्याचं बोलून परत येते.