चौसष्टावी फाईल

कोणाच्या अंगात आलं असं कळलं की मी आधी त्या बाईला लिंबाचं सरबत करून द्यायची. निम्म्या जणींचं तेवढ्यावर उतरायचं. म्हणजे मी कसली बाई आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. या सदरातले अनुभव मी वर्षभर वाचतेय, आणि रागावू नका, पण हसत वाचतेय. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली. हसायचं असेल तर हसा.

मी एकाहत्तर वर्षांची. बेंगळुरूत हेब्बाळला एका उंच इमारतीत सहाव्या मजल्यावर एकटी राहते. फ्लॅट माझा नाही, माझ्या पुतण्याचा. सतीश त्याचं नाव, तो कॅनडात असतो. त्याची आई म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. आमचे दोघींचे नवरे लवकर गेले, मला मूलबाळ नाही, आणि आम्ही दोघी जावा इथल्याच, बेंगळुरूतल्या शिवाजीनगरात बाजारामागच्या घरात अडतीस वर्षं एकत्र राहिलो. खाली वेल्डिंगचं वर्कशॉप, वर आम्ही. दिवसभर हातोड्याची ठणठण. सतीशनं हा फ्लॅट घेतला तेव्हा अक्कांना कितीदा सांगितलं, चल म्हणून. अक्का म्हणायच्या, "एवढ्या उंचावर कबुतरं राहतात, माणसं नाही." एकदाही पाऊल टाकलं नाही त्यांनी इथे. हे लक्षात ठेवा.

अक्का निपाणीकडच्या. बोलायला लागल्या की मराठीत कानडी कधी मिसळलं ते कळायचं नाही. आणि बोलायच्या किती! दुसऱ्याला जागाच नाही. मी "अक्का, मला काय वाटतं —" म्हणायचा अवकाश, त्या पुढचं गाव गाठलेल्या असायच्या. भांडण झालं तरी शेवट त्यांचाच. "सरी बिडु, मंदे. ताट घे." मंदे म्हणजे मी. आणि ते कानडी म्हणजे बरं, सोड आता; जेवायला बस. संपलं.

सतीशनं जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर घरी ठेवला होता. त्यावर विंडोज नाही, लिनक्स. मी त्यावरच शिकले, कोणी शिकवलं नाही, चुका करत करत. त्यात आवाज रेकॉर्ड करायची सोय होती. दुपारी जेवणं झाली की मी बटण दाबायची, म्हणायची, "बोला, अक्का." आणि अक्का दर वेळी विचारायच्या, "लाल दिवा लागला का गं?" मग सुरू. शेंगाचटणी, सासूबाईंचे नखरे, वर्कशॉपवाल्या अण्णांना शिव्या. असं दोन वर्षं चाललं.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी गेल्या. त्या तीन दिवसांत काय झालं ते पुढे सांगते, आत्ता हात वळत नाही. घर सोडलं, मी इकडे आले. जुना कॉम्प्युटर सामानाबरोबर आला आणि पलंगाखाली गेला.

दोनेक महिन्यांपूर्वी सतीशचा फोन आला.

"काकू, आईचा आवाज आहे का कुठे? माझ्याकडे एकच व्हिडिओ आहे. त्यात ती फक्त 'दिवा बंद कर मेल्या' म्हणते."

"अरे, आहे की! खूप आहे."

"मग पाठवा ना. पोरगी विचारते, आजी कशी बोलायची. मला सांगता येत नाही."

कॉम्प्युटर बाहेर काढला तर आतून टक्... टक्... आवाज. दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्क चाललीय आजी, थोडे दिवस आहेत, काय काढायचं ते काढून घ्या. माझा आत्ताचा लॅपटॉप विंडोजचा. दोन्ही कॉम्प्युटरना वाचता येईल असा पेन ड्राइव्ह तयार केला, फाईली उचलल्या, टाकल्या... एकही जाईना. नाव चालत नाही म्हणे. मला वाटलं पेन ड्राइव्ह खराब. दुसरा आणला. तेच. चार दिवस डोकं घातलं तेव्हा उलगडलं. रेकॉर्ड केलं की तो जुना कॉम्प्युटर फाईलला आपोआप नाव द्यायचा, तारीख आणि वेळ. वेळेत तास आणि मिनिटांच्या मधे दोन टिंबं असतात ना, एकावर एक? लिनक्सला ती चालतात, विंडोजला बिलकुल चालत नाहीत. पेन ड्राइव्हही घेत नाही. तुमच्यापैकी कोणाचं असं अडलं असेल तर सांगून ठेवते, नावातली ती टिंबं काढा, फाईल मुकाट्याने जाते.

सगळी नावं एका झटक्यात बदलायची युक्ती असते, मला माहीत आहे. मी नाही वापरली. एकेक फाईल उघडली, ऐकली, आणि हाताने नाव दिलं. 'शेंगाचटणी'. 'सासूबाई आणि पितळी डबा'. 'अण्णांना शिव्या - एक', 'अण्णांना शिव्या - दोन'... असे सहापर्यंत आहेत. त्रेसष्ट फाईली, आठ दिवस. प्रत्येकीत मागे हातोड्याची ठणठण आणि पुढे अक्का. त्या आठ दिवसांत घरात आवाज होता हो. नाहीतर इथे काय... खालचा वॉचमन "ऊट आयता, अम्मा?" विचारतो, जेवण झालं का म्हणून. मी "आयतु" म्हणते. कित्येक दिवस माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच असतं.

नवव्या दिवशी सकाळी शेवटची फाईल लॅपटॉपवर आली आणि तासाभरात जुना कॉम्प्युटर बंद पडला. डिस्क गेली. मी त्याची वायर काढली, हात जोडले, आणि लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच दहीभात खाल्ला. एकटीसाठी ताट कोण मांडणार? मधेच इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला पार्सल आलंय. मी म्हटलं, "आमचं नाही, दुसरा फ्लॅट बघा." परत येऊन भात संपवला.

साडेतीनला सतीशला पाठवायला म्हणून लॅपटॉप उघडला. सवयीने फाईली मोजल्या. चौसष्ट.

परत मोजल्या. चौसष्ट. त्रेसष्टांना मी दिलेली मराठी नावं, आणि सगळ्यांत खाली एक नुसती आकड्यांची. तारीख त्याच दिवसाची. वेळ तेरा चाळीस. आणि मधे ती दोन टिंबं.

मला आधी भीती नाही वाटली, चीड आली. म्हटलं, आठ दिवस मी ज्याच्यामागे मेले, ते इथे आलंच कसं? या लॅपटॉपवर ती टिंबं टाकता येतच नाहीत. टाकून बघा. त्यावर लिनक्स कधी चढलं नव्हतं, आणि जुना कॉम्प्युटर तर सकाळीच गेला होता.

दोनदा टिचकी मारली. वाजली.

हातोडा नव्हता. आमच्या इथल्या लिफ्टमधली ती कानडी बोलणारी बाई होती, दार बंद होतंय म्हणून सांगणारी. मग देवनहळ्ळीकडे उतरणारं विमान. मग इंटरकॉम, माझ्या चपला, माझा आवाज: "आमचं नाही, दुसरा फ्लॅट बघा." म्हणजे ती दुपार होती, तीच, दोन तासांपूर्वीची. मनात म्हटलं, मिटलेला लॅपटॉप कसा काय कोण जाणे, चालू राहिला असेल. होतं मशीनचं.

आणि मग अगदी जवळून, कोणी टेबलाशी बसून बोलावं तसा आवाज आला.

"हं. बोल, मंदे."

अक्का.

मी गारठले. वाटलं, आता पुढे सुरू होईल नेहमीसारखं. नाही. गप्प. बऱ्याच वेळाने, "हं." परत गप्प. मग "हं... मग?" अशी अकरा मिनिटं. जिनं अडतीस वर्षांत मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही, ती अकरा मिनिटं नुसता हुंकार देत होती. आणि शेवटी हळूच, "सरी बिडु, मंदे. ताट घे." फाईल संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतीशला व्हिडिओ कॉल लावला. काही न सांगता फोन लॅपटॉपपुढे धरला.

"सतीश, सगळ्यात खालचं नाव वाच."

त्यानं वाचलं. मग चष्मा काढला, परत घातला. "काकू, हे विंडोजवर असूच शकत नाही."

"आहे ना पण."

"समजा कुठून आलंही, दिसेल फक्त. उघडणार नाही."

मी लावली. अकरा मिनिटं दोघं बसलो. माझ्या कानात अक्का, आणि तो नुसता बघतोय माझ्याकडे.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"लिफ्ट. विमान. तुमचा आवाज. पुढे काही नाही, काकू."

"पाठवते तुला, नीट ऐक."

कॉपी करायला गेले, नाव चालत नाही म्हणे. नाव बदलायला गेले तर म्हणे फाईलच सापडत नाही. आणि टिचकी मारली की वाजते! सतीश म्हणाला, कॉल बंद करून शेजारी फोन ठेवा, रेकॉर्ड करा. केलं. फोनमध्ये लिफ्ट आली, विमान आलं, माझ्या चपला आल्या. अक्का आल्या नाहीत.

परत कॉल लावला तेव्हा सतीश फार मऊ आवाजात म्हणाला, "काकू, तुम्ही दिवसभर एकट्या असता... आठ दिवस आईचाच आवाज ऐकत होता..."

"मला वेड लागलंय असं म्हण ना सरळ."

"तसं नाही हो."

पण तसंच होतं. फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा रडू आलं.

त्या दुपारी मी ताट मांडलं. बसून जेवायचं ठरवलं. एक चाळीसला फाईल लावली. अक्कांचं "बोल, मंदे" झालं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अक्का, मी खोटं बोलले."

"हं."

आता ते तीन दिवस सांगते. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी, काळजीचं कारण नाही, असं सांगितलं. सतीशची नोकरी नवी होती. मी त्याला फोनवर म्हटलं, घाई करू नकोस, अक्का ठणठणीत आहेत. माझाच शहाणपणा. आणि अक्का दर तासाला विचारायच्या, "सतीश निघाला का?" मी म्हणायची, "निघालाय, अक्का. विमानात आहे." दोन दिवस त्या दाराकडे बघत पडल्या होत्या. तिसऱ्या पहाटे गेल्या. आणि सतीशला मी काय सांगितलं? शांत झोपेत गेल्या, कोणाची आठवणसुद्धा काढली नाही. त्याला टोचणी नको म्हणून.

हे सगळं मी त्या लॅपटॉपला सांगितलं. आणि देवाशपथ सांगते, मी थांबले की तिथे "हं" यायचं. मी अडखळले तिथे "मग?" आलं. आदल्या दिवशी ज्या रिकाम्या जागा ऐकल्या होत्या, त्या माझ्याच वाक्यांच्या मापाच्या निघाल्या. "अक्का, तुम्ही वाट बघत गेलात, माझ्यामुळे," हे माझं शेवटचं वाक्य. थोडा वेळ काहीच नाही. मग, "सरी बिडु, मंदे. ताट घे."

मी जेवले. भात गार झाला होता, पण सगळा जेवले.

संध्याकाळी सतीशला परत फोन केला. त्याच्याकडे सकाळ होती, घाईत होता.

"सतीश, बस जरा. तुझी आई तुझं नाव घेत होती. दर तासाला. मी तिला सांगितलं तू विमानात आहेस, आणि तुला सांगितलं तिनं विचारलं नाही."

तिकडे किल्ल्या टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"दर तासाला?"

"हो रे."

मग म्हणाला, "हे तेव्हा सांगायला हवं होतं, काकू."

"हो."

"फार हवं होतं."

"हो रे. चुकले मी."

त्यानं ठेवून दिला. नऊ दिवस त्याचा फोन नाही. त्रेसष्ट फाईली पाठवल्या, पोचल्या एवढंही कळवलं नाही. वाटलं, होतं ते एक माणूसही घालवलं मी. मग दहाव्या दिवशी मेसेज आला: "पोरीला अण्णांच्या शिव्या पाठ झाल्यात. तुमची ती फाईल इथे येत नाही ना, मग मीच येतो, पोरीला घेऊन. तिकिटं काढलीत."

तर असं आहे. लॅपटॉप फार हळू झालाय, अपडेट मागत असतो, मी करत नाही. हे कसं झालं ते मला आजही माहीत नाही. सतीशला इथे बसवून फाईल लावली तर त्याला अक्का ऐकू येतील की नुसती लिफ्ट आणि विमान, तेही माहीत नाही. तुमच्यात कॉम्प्युटरची जाणकार माणसं असतील, कारण सुचलं तर जरूर लिहा. ती फाईल हलवायची कशी, ते मात्र सांगू नका.

परवा बाजारातून आणखी दोन ताटं आणली. सध्या एकच लागतं. एक चाळीसला मांडते.