आदर्श जोडप्याची कवळी

कॅनडात, बर्नाबीतल्या आमच्या मराठी मंडळाने जोडप्यांसाठी संध्याकाळ ठेवली होती. आधी अमेरिकेचा एक सुरुवातीचा राष्ट्राध्यक्ष आणि त्याची बायको यांच्यावरचा माहितीपट, मग उखाणे. आमंत्रणात लिहिलं होतं, ‘एक आदर्श जोडपं’. आदर्श म्हणे. निवडणाऱ्यांनी फक्त पोस्टर बघितलं होतं. मी अख्खा माहितीपट बघितला होता, म्हणून सेक्रेटरीकाकांकडून पाच मिनिटं मागून घेतली होती. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोची, म्हणजे बाईसाहेबांची, एक गुलाम मुलगी पळून गेली, तिच्याबद्दल मला बोलायचं होतं.

पडद्यावर चाबूक कडाडला, एका गुलामाच्या पाठीची सालं निघाली. राष्ट्राध्यक्षाच्या कवळीत गुलामांच्या तोंडातले दात होते, हेही आलं. पुढच्या काकूंनी ढोकळा खाली ठेवला. “ई, बंद करा ना हे.” नातीच्या लग्नात बाईसाहेब ती जिवंत मुलगी आहेर म्हणून देणार होत्या. तिच्यावर निवेदक अर्धं वाक्य बोलला आणि बागेतले गुलाब दाखवायला लागला.

दिवे लागले. माइक थेट उखाण्यांच्या रांगेत गेला.

“काका, माझी पाच मिनिटं?”

“अगं, सगळ्यांचा मूड गेलाय. कपल्सचा प्रोग्राम आहे हा. तुम्हा लोकांना जिथेतिथे तेच दिसतं.”

तुम्हा लोकांना. आम्ही बौद्ध, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तोंडावर कुणी म्हणत नाही. मागे खुर्च्या लावणाऱ्या बाबांनीही ते ऐकलं.

मी माइक घेतला. काकांनी माझं मनगट पिरगाळलं. मी सोडला नाही. त्यांनी हिसका दिला, माइक माझ्या तोंडावर आदळला आणि पुढचा दात तुटला. तो आवाज स्पीकरमधून सगळ्या हॉलने ऐकला.

कुणाशी वाद नको, असं मला जन्मभर सांगणारे बाबा धावत आले. त्यांनी काकांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं, परत आपटलं. फुलांची कमान दोघांवर कोसळली.

“पोलिसांना बोलवा,” कुणीतरी म्हणालं.

“बोलवा,” बाबा दाराकडे जात म्हणाले. “तोवर माझी मुलगी बोलेल.”

माइक कुणीतरी बंद केला होता. मी तशीच बोलले, रक्त गिळत. मालक-मालकीण जेवत असताना ती गुलाम मुलगी घराबाहेर पडली. जहाजात चढली. तिला धरून आणायला माणसं गेली. ती परत आली नाही.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. उठूनही कुणी गेलं नाही, कारण दारात बाबा उभे होते.