गैरसोयीबद्दल दिलगीर

वॉशिंग मशीनच्या कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, ही तिची नोकरी. ऐकायच्या म्हणजे शिव्या खायच्या. कानाला हेडफोन आणि समोर छोटा आरसा. आरसा कंपनीनेच दिलेला, कारण बोलताना चेहरा हसरा ठेवला की आवाज गोड येतो, असा शोध कुणा शहाण्याने लावला होता. लोक मशीनचा, कंपनीचा आणि तिचा उद्धार करायचे. ती आरशात बघून हसायची आणि म्हणायची, "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत."

कंपनीला मुलींच्या मनाची भारी काळजी. म्हणून मध्यंतरी ताण घालवायचा वर्ग ठेवला. एका बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून समुद्र बघायला सांगितलं. निम्म्याजणी बसल्या जागी झोपल्या. तेवढ्या वेळात साठलेले फोन घ्यायला मग सगळ्यांना उशिरापर्यंत थांबवून घेतलं.

घरी पोचेपर्यंत तिचा पार चोथा झालेला असायचा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष दोघांनी अशा उत्साहात घालवलं, की सासूबाई मुद्दाम रेडिओ मोठा लावायच्या. दुसऱ्या वर्षी रेडिओची गरज उरली नाही. नवरा जवळ आला की तिचं अंग आखडायचं. जीव होता त्याच्यावर, पण इच्छा म्हणून होईना. आपलं प्रेमच आटलं की काय, या भीतीने ती आतून पोखरली जात होती, आणि हे बोलणार कुणाशी?

एका सुट्टीच्या दुपारी ती डुलकी घेत होती. नवऱ्याने हळूच कमरेवर हात टाकला. अर्धवट झोपेत ती अतिशय गोड आवाजात म्हणाली, "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या वस्तूत एखादा भाग बिघडलेला असतो, तो सापडला की झालं, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्याने कंबर कसली. मोबाइलवर वाचून आधी भोपळ्याच्या बिया आणल्या, मग कसलंसं चूर्ण आणलं. चूर्णाने तिला जुलाब तेवढे झाले. सासूबाईंनीही आपलं घोडं पुढे दामटलं, "एक मूल होऊ दे, सगळं सुरळीत होतं." त्यांना मूल झाल्यावर नेमकं काय सुरळीत झालं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिला तपासलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, झोप कशी लागते, कुठे दुखतं का, कसल्या गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "संध्याकाळी घरी आल्यावर काय काय करता?"

"स्वयंपाक, भांडी, कपड्यांच्या घड्या, उद्याच्या डब्याची तयारी."

"आणि तुम्ही?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मी हिची वाट बघतो," नवरा प्रामाणिकपणे म्हणाला.

बाई चष्मा काढून त्याच्याकडे बघतच राहिल्या. "हिला आजार काही नाही. इतक्या ताणात इच्छा मंदावते, पुष्कळजणींची मंदावते. काही आठवडे तो विषयच काढू नका. आणि घरातलं काम वाटून घ्या."

पहिला सल्ला त्याने कानाआड केला आणि दुसरा घट्ट धरला. त्याच संध्याकाळी त्याने भांडी घासली. अशी घासली की शेजारच्यांनाही कळावं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग हात पुसत तो तिच्याशेजारी पलंगावर येऊन बसला आणि आशेने बघायला लागला.

"काय?" तिने विचारलं.

"भांडी घासली ना."

तिला आधी हसू आलं, मग डोक्यात तिडीक गेली. "खरकटी होती म्हणून घासलीस. मी काय त्याचं बक्षीस आहे?"

"मग मी करू तरी काय?" त्याचा आवाज चिरकला. "सरळ सांग ना, तुला मी नकोसा झालोय."

ती म्हणाली, "मलाही हवंय रे. तुझ्यापेक्षा जास्त हवंय. तू जिला शोधतोयस ना, ती मलाही सापडत नाहीये."

आणि ती रडायला लागली. हात लावावा की नाही, ते नवऱ्याला कळेना. शेवटी तिनेच डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"काही करू नकोस," ती म्हणाली. "नुसता बस."

तो नुसता बसला. लग्न झाल्यापासून त्याने केलेलं हे सगळ्यात अवघड काम होतं.