पावसाला पाट देणारे काका

आमचे धाकटे काका माती खायचे. पोटभर नव्हे, चिमूटभर. नव्या शेतात पाऊल टाकले की ते खाली वाकत, चिमूट जिभेवर ठेवत, डोळे मिटून चव घेत आणि थुंकून टाकत. एकदा त्यांच्यासाठी मुलगी बघायला सगळे गेले, तर हे तिच्या परसातली माती चाखून आले. परत येताना मुलगी कशी वाटली म्हणून विचारले, तर म्हणाले, "जमीन आंबट आहे." ते स्थळ अर्थातच मोडले. आजी म्हणायची, "ह्याच्या वेळेला मला डोहाळे मातीचेच लागले होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं, हा मेला शेतकीच्या कॉलेजात जाणार म्हणून."

ही १९३० च्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीपासून दोन-अडीच कोसांवर आमचे गाव. तिथला शिकलेला माणूस मास्तर होई, नाहीतर कारकून. बाकीचे मुंबईला जात. माझे वडीलही गोदीत होते. काका मात्र मॅट्रिक होऊन घाटावर गेले आणि शेतकी कॉलेजात युनिव्हर्सिटीच्या डिग्रीसाठी शिकू लागले. लोक विचारत, "नांगर हाकायला युनिव्हर्सिटी कशाला रे?" काका सांगत, "हाकायला नाय. माती, पाणी नि झाडं राखायला." मग लोक आजोबांकडे बघत. आजोबांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा पानाला चुना लावत राहत.

काकांचे एक ठरलेले वाक्य होते: "आल्या पावसाला बसायला पाट द्या." त्यांचे म्हणणे असे, की आपल्याकडे पाऊस येतो भरपूर, पण डोंगर बोडके, त्याला बसायला जागाच नसते. तो आल्या पावली माती घेऊन समुद्रात जातो. झाडे आणि खालचा पाचोळा हा त्याचा पाट. त्यावर तो घटकाभर टेकला, तर जमिनीत मुरेल आणि उन्हाळ्यात झऱ्याला पाणी देईल.

हे समजावण्यासाठी त्यांनी एका वैशाखात अंगणात मातीचे दोन ढीग केले. एक उघडा, दुसऱ्यावर पाचोळा. मग दोन्हींवर घागर घागर पाणी ओतले. उघड्या ढिगातून लाल चिखल वाहिला, दुसऱ्यातून नितळ पाणी झिरपले. आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "भावोजी, प्रयोग छान झाला. पण ह्या दोन घागरी मी कुठून आणल्या, ठाऊक आहे?"

आमच्या घरामागे डोंगरात झरा होता. त्याचे पाणी पोफळीच्या पन्हळीने थेट मागच्या दारी येई. पण शिमगा झाला की झरा आटे, आणि बायकांना पार गावाच्या टोकाच्या विहिरीवर जावे लागे. काका दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभे राहिले. पाणवठ्यावर जी हसाहस झाली ती विचारू नका. एक म्हातारी म्हणाली, "काय रे विनू, कॉलेजात हेच शिकवतात काय?" काका म्हणाले, "नाय गो मावशे. हे शिकवत नाय, म्हणून तर इथे आलो."

झरा आटायचे कारण काकांनी शोधले होते, आणि तिथेच अण्णांशी गाठ होती. आमच्याकडे भाताची रोपे, म्हणजे तरवा, टाकायच्या आधी ती जमीन भाजतात. त्यासाठी दरवर्षी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून आणायच्या, वाफ्यावर पसरायच्या, पेटवायच्या. आमची तोड झऱ्याच्या वरच्याच डोंगरावर होती. तिथल्या झाडांचे नुसते खांब उरले होते. काका म्हणाले, "अण्णा, तो डोंगर सोडा. न भाजता तरवा काढून दाखवतो."

अण्णांनी पान तोंडात घातले. "अर्ध्या खाचरांचा तरवा तुझ्याकडे. भाजू नको, काय वाट्टेल ते कर. चांगला आला, तर त्या डोंगरावर कोयता लागणार नाही. नाही आला, तर अर्धी शेती पडीक राहील. मग कॉलेज बस झालं, इथे राहायचं."

"कबूल," काका म्हणाले.

काकांनी कुजलेले शेण आणि पाचोळा घालून वाफे केले. मिरगाच्या पावसावर बी टाकले. आठ दिवसांत वाफे हिरवेगार झाले. काका मला हात धरून बांधावर घेऊन गेले. "सुमे, बघ, काय दाट आलाय!" मागून आजी आली. तिने वाकून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "दाट आलाय खरा. अर्धं गवत आहे, मेल्या! भाजल्यावर गवताचं बी मरतं, म्हणून तर भाजायचं. आम्ही काय हौसेने जाळ करतो?"

काकांनी खिशातून वही काढली. "आये, आधी का नाय सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? अण्णांना विचारलंस, गावातल्या बाप्यांना विचारलंस. गवत बेणतं कोण? आम्ही."

काकांनी ते वहीत लिहून घेतले. नंतर पावसासाठी इरले पाठीवर घेतले आणि आमच्याबरोबर वाफ्यात गवत काढायला बसले. पहिल्या तासात त्यांनी ओंजळभर भातच उपटले. कोवळे असताना दोन्ही सारखेच दिसते. आजीने त्यांच्या हातावर चापट मारली. "पानाच्या बेचक्यात बघ. मिशी असेल तर भात, नसेल तर गवत."

काकांनी आपल्या गुळगुळीत ओठावरून चिखलाचे बोट फिरवले. "मग आये, मला उपट." बायका हसून हसून इरल्यासकट कलंडल्या. मी दहा-अकरा वर्षांची होते. वाफ्यात एवढी मजा मला पुढे कधी आली नाही.

एवढ्यात कॉलेजचे पत्र आले. टर्म सुरू झाली आहे, चार दिवसांत हजर व्हा, नाहीतर नाव कमी होईल. निम्मे वाफे अजून बेणायचे होते. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे मोटारीने घाट चढायचा. निघायचे तर दुसऱ्याच दिवशी. गेले तर तरवा गवतात जाणार आणि डोंगर हातचा जाणार. राहिले तर कॉलेज गेलेच. त्या दिवशी काका जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "मी जात नाय. शब्द दिलाय."

आई भांडी घासता घासता म्हणाली, "भावोजी, उगाच हट्ट नको. मोटार गाठा. बेणायला आम्हाला कॉलेज लागत नाही."

"पण वयनी, पैज माझी आहे."

"आणि घागरी कोणाच्या डोक्यावर आहेत? डोंगर राहिला तर पाणी आम्हाला मिळणार. अण्णा कुठे म्हणाले, की तुम्हीच बेणायचं?"

अण्णा ओटीवरच बसले होते. ते खाकरले, पण बोलले नाहीत. आमच्या घरात त्याचा अर्थ परवानगी असा होता.

काका सकाळी गेले. आम्ही नऊ दिवस बेणणी केली. आजी, आई, मी आणि पाणवठ्यावरच्या चार बायका. त्या न बोलावता आल्या. लावणी झाली त्या संध्याकाळी अण्णांनी मला कार्ड घेऊन बसवले आणि सांगायला लागले. "चिरंजीव विनायकास आशीर्वाद. तुझा तरवा वाट्याच्या सर्व खाचरांना पुरला. चार जुड्या उरल्या, त्या शेजारी दिल्या. डोंगरावर कोयता लावणार नाही. परीक्षा दिल्याखेरीज घरी येऊ नये."

आतून आजी ओरडली, "आणि लिही, पुढच्या वर्षी गवत काढायला यावं!"

"कार्डावर जागा नाही," अण्णा म्हणाले. जागा होती. मी लिहिले.

काका पास झाले. पुढे नोकरीत दुष्काळी मुलखातून बांध घालत हिंडले. लग्न उशिरा केले, सासरची जमीन कशी होती देव जाणे. ते तिकडेच वारले. आम्हाला पत्र मिळेपर्यंत दिवसही होऊन गेले होते. गावात त्यांचे नाव कुठे लावलेले नाही, आणि लावलेले त्यांना आवडलेही नसते.

झऱ्याला मात्र घाई नव्हती. पहिली दोन वर्षे काहीच फरक दिसला नाही. लोकांनी अण्णांना ऐकवायचे ते ऐकवले. मग शिमग्यानंतर महिनाभर पाणी टिकले, मग दोन महिने. आठव्या वर्षी मी माहेरपणाला आले होते. वैशाख संपला, तरी पन्हळीतून पाणी पडत होते. बारीक, पण पडत होते. आईने ते आणखी आठ दिवस पाहिले. तिचा चटकन विश्वास बसत नसे. पहिला पाऊस झाला तेव्हा ती आत गेली, डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ खुंटीवरून काढली आणि सरळ चुलीत घातली. त्या जाळावर आम्हा दोघींचा चहा झाला.