भाड्याने दिलेला शनिवार

राग्नफ्रिदबाईंना एक खोड होती. कुणी 'यश' म्हटलं की त्या लगेच 'कसलं?' म्हणून विचारायच्या. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या ओस्विक गावात त्या शाळेतल्या मुलांना व्यवसाय हा विषय शिकवत. पाठ्यपुस्तकात सगळे अगडबंब कारखाने. गावात मात्र मासळीचं एक कोठार, एक किराणा दुकान आणि केस कापणारी एक बाई. मुलं पुस्तक पाठ करत आणि जांभया देत. शेवटी बाईंनी पालिकेच्या शिक्षण समितीकडून एक वर्ष मागून घेतलं. पुस्तक मिटायचं आणि मुलांनी गावातच खरीखुरी कंपनी काढायची. समितीला पटलं तर हा अभ्यासक्रम कायमचा. नाही पटलं तर पुन्हा ते कारखाने, आणि बाईंची निवृत्तीही त्याच जांभयांत.

दहावीतली योरुन महाचलाख. मेणबत्त्या, लोकरीचे मोजे असलं काही तिला विकायचं नव्हतं.

"दूग्नादचा सगळ्यांनाच कंटाळा येतो ना? मग त्यांच्या जागी आम्ही जातो. पैसे घेऊन!"

दूग्नाद म्हणजे आपल्या सावडीसारखंच. वसंतातल्या एका शनिवारी इमारतीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, पालापाचोळा गोळा करायचा, कुंपण रंगवायचं आणि शेवटी कॉफी आणि वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, हाणायची. पैसे टाकून तो चुकवावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आलं असेल तर बोलायची लाज वाटली असेल. बघू तरी, कोण गिऱ्हाईक मिळतं, असं बाईंना वाटलं.

गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. पहिला नंबर खुद्द समितीचा अध्यक्ष ओद्वार याचा. त्याला त्या दिवशी होडी घेऊन मासे धरायला जायचं होतं.

शनिवारी ओद्वार राहायचा त्या टेकडीवरच्या इमारतीपाशी आली ती फक्त मुलं, आणि दुपारच्या आत कुंपण नव्या नवरीसारखं सजलं. बघायला आलेले शाळेचे मुख्याध्यापक तर हरखूनच गेले.

"समितीला हेच दाखव! काय यश आहे, राग्नफ्रिद!"

"कसलं?" बाई म्हणाल्या.

त्यांचं लक्ष तळमजल्यावरच्या हाल्वदानकडे होतं. वाफल भाजायचं काम दरवर्षी या म्हाताऱ्याकडे. यंदाही तो पातेलंभर पीठ कालवून बसला होता. मुलांनी तरी खाऊन किती खावं? बाईंनी त्याच्या शेजारी बसकण मारली.

"तोंड का पाडलंयस रे? काम बरं नाही झालं?"

"झालं की! आम्ही जन्मात असं केलं नसतं. आमचा निम्मा रंग आमच्याच अंगावर," हाल्वदान म्हणाला. "पण माझा गुडघा पार कामातून गेलाय, ते शेजाऱ्यांना सांगायचं राहून गेलं. आता काय घरोघरी दारं वाजवत सांगत फिरू?"

योरुन रंगाचा डबा धरून तिथेच उभी होती.

"मग आम्ही नक्की विकलं तरी काय?" तिनं विचारलं.

बाईंना त्या प्रश्नाचीच मोठी मौज वाटली; सोमवारी त्यांनी तो फळ्यावर लिहिला. पुढे कितीतरी दिवस वर्गात त्यावरून नुसती भांडणं चालली होती. कुणी जांभई दिली नाही. शेवटी मागण्या येत असतानाच मुलांनी आपणहून कंपनी बंद केली.

समितीपुढे बाईंनी नफ्याचा आकडा ठेवलाच नाही. परीक्षेसाठी काढलेला एकच प्रश्न वाचून दाखवला: 'जोरात चाललेली कंपनी मुलांनी बंद का केली?' मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला.

"अगं, याला गुण कसे द्यायचे? उत्तर काय याचं?" ओद्वार वैतागून म्हणाला.

"मलाही पुरतं ठाऊक नाही." बाई म्हणाल्या. आता पुन्हा ते कारखाने. तरी त्यांनी हाल्वदानची हकिकत सांगितली, गुडघ्यासकट.

ओद्वारनं पेन खाली ठेवलं.

"हाल्वदानचा गुडघा? तो तर माझ्या खालीच राहतो."

मग त्यानं अभ्यासक्रमाचा कागद ओढून सही केली आणि कोट चढवला.

"अरे, बैठक अजून संपायची आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"तुम्ही संपवा. मला एक दार वाजवायचंय."