दाजींच्या घोड्यांची चाल

आमच्या दाजींचं बूड कधी एका जागी टेकलं नाही. ऑरिन ट्रिप त्यांचं नाव. माझी थोरली बहीण लोव्हिना त्यांना दिलेली, म्हणून माझे दाजी. त्यांच्याच भट्टीवर मी घण मारायला होतो, म्हणून मालकही तेच. जेवायला बसले तरी एक पाय दाराकडं असायचा. बटाटा अर्धा खायचे आणि उरलेला अर्धा हातात घेऊन भट्टीकडं निघायचे. रविवारी चर्चमध्ये पाद्री नरकाचं वर्णन करत असला की ह्यांची बोटं बाकाला बसवलेल्या छोट्या दाराची बिजागरी चाचपत असायची. एकदा शेवटच्या स्तोत्राला सगळे उठले आणि दारच निखळून पुढच्या बाईच्या झग्याच्या घेरावर पडलं. त्या दिवसापासून लोव्हिनानं त्यांना मधोमध बसवायला सुरुवात केली. एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी.

गवत कापायचं यंत्र त्यांच्या डोक्यात शिरलं ते अठराशे एकोणपन्नास साली. आमच्या कयुगा तळ्याच्या काठाला जुलैचे पंधरा-वीस दिवस काय ते गवताचे. तेवढ्यात कापून, वाळवून माळ्यावर चढलं तर जनावरं हिवाळा काढतात, नाहीतर मार्चात गोठ्यात जाऊन नुसत्या बरगड्या बघायच्या. लांब दांड्याच्या विळ्यानं कसलेला गडी दिवसाला दीड एकर पाडतो आणि संध्याकाळी वाकलेली कंबर तशीच घेऊन अंथरुणात पडतो. तशात गावात एकानं घोड्यांचं यंत्र आणलं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी मोडून आमच्या भट्टीवर आलं. दाजींनी ते दुरुस्त केलंच नाही. पार खोलून अंगणात मांडलं आणि भोवती फेऱ्या घालत बसले.

तसं बघितलं तर त्यात फार काही नाही. मोठं चाक जमिनीवर फिरतं, त्याच्यावर दातेरी चाकं फिरतात आणि त्यांच्या जोरावर पात्यांची पट्टी लोखंडी बोटांच्या मधून मागंपुढं धावते. पण एवढ्यात दाजींची सात वर्षं गेली. आधी त्यांनी पट्टीला सांधा बसवला, म्हणजे उंचवटा आला की ती उचलायची आणि खड्डा आला की खाली बसायची. मग घोड्यांच्या मानेवरचं ओझं त्यांना खुपायला लागलं. यंत्राची दांडी मानेवर दाबायची, चामडं सोलून निघायचं, माश्या बसायच्या. दाजींनी बसायची जागा उचलून चाकाच्या मागं नेली, म्हणजे हाकणाऱ्याच्या वजनानं दांडी पुढून उचलली जायची. पट्टी ओढणारं लोखंडी दांडकं सारखं मोडायचं, तिथं ॲशच्या लाकडाचं घातलं. मोडलं तरी शेतकऱ्यानं बांधावर बसून दुसरं तासून घालावं.

राहिलं होतं तुंबणं. ओलं, लोळलेलं गवत आलं की पात्यांच्या मधे वळकट्या व्हायच्या आणि यंत्र ठप्प. दाजींनी पात्यांना बारीक दाते पाडले, ते पुन्हा घासले, पुन्हा पाडले. माझ्या हाताला कानस धरून धरून घट्टे पडले. आणि पाचव्या वर्षी तुंबणं थांबलं. लोळलेल्या क्लोव्हरच्या गवतामधूनसुद्धा यंत्र सरसर निघालं. दाजी त्या दिवशी बांधावरून उडी मारून घरी पळाले आणि लोव्हिनाला कणकेच्या हातांनीच शेतात ओढत घेऊन आले.

घोड्या त्यांच्याच होत्या, जूनो आणि पेग. अंगानं आटोपशीर, पण पाऊल असं झपाझप की शेजारून चालणाऱ्याला निम्मं पळावं लागे. सात वर्षं त्याच दोघी यंत्राला. पात्यांचा आवाज जरा मंद झाला की न सांगता पाऊल वाढवायच्या. आम्हाला त्यांचं कौतुक वाटायचं. कौतुकच वाटत राहिलं, आणखी काही सुचलं नाही.

लोव्हिनाचा धीर छप्पन सालच्या वसंतात संपला. पीठ मळायच्या लाकडी परातीत तिला तेल लावलेलं दातेरी चाक सापडलं. ती ओरडली नाही. चाक टेबलावर ठेवलं आणि दाजींच्या समोर बसली. आमचा मधला भाऊ मिशिगनात होता, त्याच्या रानाला लागून ऐंशी एकर जागा होती, आणि तो इकडं या म्हणून चार पत्रं लिहून थकला होता. तिनं शब्द मागितला. जुलैत शेतकी मंडळाची चढाओढ आहे, त्यात यंत्र उतरवा. पास झालं तर राहू. नाही झालं तर भट्टी मोडायची, मिशिगनला जायचं आणि यंत्राला पुन्हा हात लावायचा नाही. दाजींनी उभ्याउभ्याच शब्द दिला.

पलीकडच्या गावच्या फौंड्रीचा मालक फिलँडर को, त्यालाही यंत्र आवडलं होतं. चढाओढीत आपला एकर नीट कापून दाखव, पुढच्या हंगामाला शंभर यंत्रं ओततो, असं तो बोलून गेला होता. म्हणजे दाजींचं राहणं-जाणं सगळं त्या एका एकरावर आलं.

चढाओढ होती तळ्याकाठच्या कुरणात. अकरा यंत्रं, प्रत्येकाला खुंट्या ठोकून दिलेला एक एकर. बायका गाड्यांत बसून बघत होत्या, काकवी, सुंठ आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्याचे घडे सावलीत ठेवलेले होते. पंचांनी यंदा नवा नेम केला होता. गेल्या साली भांडणं झाली होती की जिंकलं ते यंत्र नव्हे, घोडी जिंकली. म्हणून ह्या वर्षी घोडी मंडळानं आसपासच्या शेतकऱ्यांकडून मागून आणली होती आणि कुठली जोडी कुणाला ते टोपीतून चिठ्ठ्या काढून ठरवायचं होतं. दाजी बिनघोर होते. घोडं ते घोडं, असं मला म्हणाले.

चिठ्ठी निघाली म्हाताऱ्या व्हॅन नेसची. जुना डच शेतकरी, कमरेत वाकलेला, तोंडात विझलेली चिलीम. त्याच्या घोड्यांची नावं बारेंट आणि क्लास, दोन्ही त्याच्या मेलेल्या चुलत्यांची. घोडी म्हणजे गवताच्या दोन गंज्या. पायांवर केसांचे झुबके, आणि चाल अशी की एक पाय उचलला की दुसऱ्याची आठवण व्हायला वेळ लागावा.

दाजी बसले, लगाम झटकला. पहिली वीस पावलं गेली. पात्यांचा आवाज नेहमी फडफडत येतो, टोळधाड आल्यासारखा. त्या दिवशी तो म्हातारीनं बोथट कात्रीनं गोधडी कातरावी तसा आला. कच्च, कच्च. आणि ठप्प. दाजी उतरले, हातानं गवत ओढून काढलं, घोडी चार पावलं मागं घेतली, पुन्हा हाकारली. बारा पावलं. ठप्प. बाकीची दहा यंत्रं वळणं घेऊन परत येत होती. गाड्यांतून कुणीतरी विचारलं, की ट्रिप कापतोय का पेरतोय. हशा पिकला.

चौथ्यांदा तुंबलं तेव्हा दाजींनी कुंपणातली हेझलची सोटी उपटली. म्हातारा खुंटीशी उभा होता, तो तुरुतुरु पुढं आला.

“सोटी ठेव खाली.”

“बाबा, जरा पाऊल उचलू दे त्यास्नी. बाकी यंत्राचं मी बघतो.”

“तेरा वर्सं ह्याच पावलानं चालत्यात ती. नांगराला, गाडीला, माझ्या बायकूच्या मयताला. कुनी घाई केली न्हाई त्यास्नी. आता म्हातारपनी तुझ्या यंत्रासाठी नवं पाऊल शिकायचं व्हय?”

दाजींच्या हातातली सोटी तशीच राहिली. त्यांनी मोठ्या चाकाकडं बघितलं, मग घोड्यांच्या खुरांकडं, मग लांब एल्मच्या झाडाखाली बांधलेल्या जूनो आणि पेगकडं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. मला तिथं उभ्याउभ्या कळलं, मग त्यांना कळलं असेलच. पात्यांच्या दात्यांनी काही केलं नव्हतं. तुंबणं घोड्यांनी थांबवलं होतं. सात वर्षं आम्ही यंत्राला शिकवतोय समजत होतो आणि शिकल्या होत्या घोड्या. संथ पावलाला चाक संथ, चाक संथ तर पातं संथ, आणि संथ पातं गवत कापत नाही, चघळतं.

तेवढ्यात को लगबगीनं आला. दाजींच्या खांद्यावर हात टाकून त्यानं पाठ पंचांकडं केली. बोलणं मला ऐकू येत होतं.

“उजव्या घोड्याचा नाल ढिला हाय, ट्रिप.”

“न्हाई. मी बघितलाय.”

“मंग हुईल. एक खिळा काढायला तुला कितीसा येळ लागतोय, लोहारच हायेस. घोडा लंगडला तर जोडी बदलायची मुभा हाय नेमात. तुझ्या दोघी जुंप, तासाभरात एकर काढ. उद्या सकाळी मी साचे करायला घेतो.”

ते ऐकताच मी एल्मखाली धावत गेलो आणि जूनो-पेगला सोडून आणलं. खोटं कशाला बोलू, मला त्यात पाप दिसलं नाही. मला दिसत होती गाडीत बसलेली लोव्हिना आणि मोडलेली भट्टी. घोड्या ओळखीचं यंत्र बघून माना हलवत होत्या.

दाजी उभे राहिले. जन्मात त्यांना तसं स्तब्ध मी पहिल्यांदा बघितलं. बोटसुद्धा हलत नव्हतं.

“शंभर यंत्रं ओतणार तुमी,” ते म्हणाले. “शंभर गोठ्यांत ह्या दोघी कुठनं आणणार?”

“ते गिऱ्हाइकानं बघावं.”

“गिऱ्हाईक सोटी उपटंल. मी उपटली तशी.”

को खिशातलं घड्याळ काढून बघत निघून गेला. दाजींनी सोटी कुंपणापलीकडं भिरकावली. मला म्हणाले, घोड्या बांध जाऊन. आणि पुन्हा त्या डचाच्या घोड्यांमागं बसले.

बाकीची यंत्रं दुपारच्या आत निघाली. पंचांनी हॅम आणि केक खाल्ला, बक्षीस वाटलं, लोकं पांगली. दाजी बारा पावलं चालत होते, उतरत होते, ओढत होते, मागं सरत होते. हाताची बोटं कापली होती. मी म्हटलं, दाजी, सोडा आता. त्यांनी ऐकलं नाही. एकर संपला तेव्हा कुरणावर तळ्याकडची सावली आली होती आणि पंचांतला एकच जण माश्या हाकत थांबला होता. त्यानं वहीत लिहिलं, काम पुरं, वेळ फार, शिफारस नाही.

घरी जाताना गाडीत मी लोव्हिनाला को काय म्हणाला ते सगळं सांगितलं. मला वाटलं, ती दाजींना धारेवर धरेल. तिनं त्यांच्या बोटांना फडकी गुंडाळली.

“भाऊला पत्र मी टाकते,” ती म्हणाली. “तुमी शब्द दिला हुता.”

“हाय. फिरत न्हाई मी.”

ऑगस्टात भट्टी मोडली. ऐरण गावातल्याच दुसऱ्या लोहारानं नेली. यंत्र दाजींनी स्वतः खोललं, लोखंड वेगळं, लाकूड वेगळं, आणि लाकूड चुलीला दिलं. ह्या सगळ्यात ते रात्रंदिवस येरझाऱ्या घालत होते. मग एक दिवस जूनो आणि पेगला घेऊन सकाळी बाहेर पडले ते संध्याकाळी बारेंट आणि क्लासला घेऊन परत आले. सरळ अदलाबदल, वर काही नाही. गावानं कपाळावर हात मारला. धडधाकट घोड्या देऊन म्हातारी घोडी घेणारा माणूस कुणी बघितला नव्हता. व्हॅन नेसलासुद्धा पटलं नव्हतं म्हणे. त्यानं दोनदा विचारलं होतं, की बाबा, तुला ताप तर आला न्हाई.

लोव्हिनानं दारातून घोडी बघितली. इतक्या लांबच्या वाटेला ही पुरतील का, एवढंच तिनं विचारलं. दाजी म्हणाले, नवं रान मोडायचंय, नांगराला बरी. तिनं त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि आत गेली.

सप्टेंबरात ते निघाले. बफेलोपर्यंत गाडीनं आणि तिथून बोटीनं तिकडचं मोठं तळं ओलांडायचं. मी पहिल्या दिवशी सोबत होतो. लोव्हिना पुढं बसून हाकत होती, सामान मागं, आणि दाजी गाडीत बसायला तयार नव्हते. मागच्या चाकाशेजारून चालत होते. मला वाटलं, भट्टीचं दुःख असेल. मग मी बघितलं, चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधली होती. चिंधी वर आली की त्यांचे ओठ हलायचे, आणि नजर लगेच क्लासच्या मागच्या खुरावर. चाकाचा एक फेरा, घोड्याची इतकी पावलं. एवढ्या संथ चालीला पातं किती पळवायचं, ह्याचा तोंडातल्या तोंडात हिशोब.

फाटा आला. मला तिथून परतायचं होतं. लोव्हिनानं गाडी थांबवली, मागं वळून बघितलं.

“हात लावनार न्हाई म्हनाला हुता न्हवं?”

“हात कुठं लावलाय? चालतोय निस्ता.”

मला वाटलं, आता ती फुटेल, किंवा रडेल. तिनं लगाम उचलला.

“मंग मोठ्यानं मोजा,” ती म्हणाली. “मनात मोजताय आनि येड्यावानी ओठ हलवताय, रस्त्यावरची मानसं बघत्यात. आनि आकडा चुकला तर मला कळाया नगो?”

गाडी हलली. दाजी एकदा माझ्याकडं बघून हसले, पण लगेच मान खाली, कारण चिंधी वर आली होती.

“एक,” ते म्हणाले.